बियाण्याचा पसा

देणाऱ्या माणसांची मला लहानपणापासून धास्ती वाटते. कंजूस माणूस काय करील ते सांगता येतं, तो काहीच करत नाही. देणारं माणूस कुठवर जाईल याचा नेम नसतो. माझी धाकटी बहीण देणारी होती. पाटीवरची पेन्सिल अर्धी मोडून द्यायची, मधल्या सुट्टीतली भाकरी द्यायची, एकदा तर पायातली चप्पल देऊन आली आणि आईचा मार खाल्ला. मी तिच्याहून चार वर्षांनी मोठी. "कर्णाचा अवतार आला बघा," असं मी तिला चिडवायचे, आणि ती खरंच खूश व्हायची.

ही गोष्ट नव्वदीच्या सुरुवातीची. आमचं गाव आंबेगाव तालुक्यात, पारगावच्या अलीकडे, घोड नदीच्या काठी. दिवाळी सरली की कारखान्याचं धुराडं पेटायचं आणि नगर-बीडकडून ऊसतोड्यांच्या बैलगाड्या यायच्या. मोकळ्या वावरात त्यांच्या कोप्या उभ्या राहायच्या. बांबूच्या कमानीवर चटई नाहीतर उसाचं वाळलेलं पाचट टाकलं की झाली कोपी. आत शिरायचं ते कमरेत वाकून. त्या दिवसांत वारं कुठूनही आलं तरी मळीचा आंबूस वास घेऊन यायचं. ऊस तुटू लागला की त्यात दडलेला वाघ बाहेर पडतो, म्हणून दिवस मावळायच्या आत पोरांनी घरी यायचं, असा सगळ्या घरांचा नियम होता. बिबट्याला आमच्याकडे वाघच म्हणतात.

शाळेत गुरुजींनी एक प्रथा पाडली होती. थंडीच्या दिवसांत दर शनिवारी प्रत्येकानं घरून एक पसा धान्य आणायचं. पसा म्हणजे दोन्ही हातांची ओंजळ. गहू एका डब्यात, बाजरी दुसऱ्यात, आणि शाळा सुटली की मोठ्या वर्गातल्या पोरांनी ते कोप्यांवर नेऊन द्यायचं. आम्हाला त्यात पुण्य वगैरे दिसत नव्हतं. शनिवारची निम्मी शाळा त्यात जाते एवढं दिसत होतं. पण गुरुजी फार मनापासून बोलायचे. "देवाला आपण किडकं फळ वाहतो का? मग माणसाला का द्यायचं?" हे वाक्य ते दर शनिवारी म्हणायचे. मोठी पोरं एकमेकांना कोपरानं ढोसायची. धाकटी मात्र डोळे मोठे करून ऐकायची.

कोपीवरची एक पोरगी रोज शाळेच्या खिडकीशी येऊन उभी राहायची. धाकटीच्याच वयाची. धाकटीनं तिला आत बोलावून स्वतःच्या बस्करावर बसवलं, आणि गुरुजींनी न पाहिल्यासारखं केलं. एका शुक्रवारी त्या पोरीनं सांगितलं, की तिची आई कोपीत बाळंत झाली, भाऊ झाला, आणि रविवारी पाचवी आहे. पाचवीला सटवाई येते आणि बाळाच्या कपाळी नशीब लिहून जाते. तिच्या नैवेद्याला गव्हाची लापशी करायची होती. कोपीत सगळी बाजरी होती. शाळेच्या डब्यातले गहू म्हणजे लोकांनी घरोघर कोपऱ्यातून काढलेले, निम्मे किडके.

धाकटी घरी आली ती झपाटल्यासारखी. "नशीब लिहायचंय त्याचं," असं ती मला पुन्हा पुन्हा सांगत होती. "किडक्या गव्हावर कसं लिहील?"

आमच्या खायच्या गव्हालाही त्या वर्षी किडे लागलेले. आईनं तिला त्यातलाच एक पसा काढून दिला आणि आपल्या कामाला लागली. चांगले गहू घरात होते, पण ते बियाण्याचे. माजघराला लागून एक अंधारी खोली होती, तिथे ते पोतं सुतळीनं गच्च बांधून ठेवलेलं असायचं. नदीकडच्या वावरातला ऊस तुटला की तिथे अण्णा, म्हणजे आमचे वडील, गहू पेरणार होते. तो ऊस तोडत होती त्या पोरीच्याच लोकांची टोळी. "त्या पोत्याला हात लावायचा न्हाई," असं अण्णांनी सांगितलं होतं. पण हे ते दरवर्षीच सांगायचे. बियाणं खायचं नसतं, एवढाच त्याचा अर्थ आम्हाला ठाऊक होता. आणि धाकटीला तर ते खायचं नव्हतंच, द्यायचं होतं.

दरवर्षीपेक्षा एक गोष्ट निराळी होती, ती आम्हा पोरींच्या ध्यानात नव्हती. बियाण्याला कीड लागू नये म्हणून आमच्या घरी चुलीची राख चोळायची रीत होती. त्या वर्षी अण्णांनी मंचरच्या बाजारातून पावडर आणली होती. करडी, मऊ, राखेसारखीच. शनिवारी सकाळी धाकटीनं पोत्याची गाठ सोडली, दप्तराच्या पिशवीत गहू भरले आणि ओट्यावर बसून सुपात घेऊन पाखडले. मी वेणी घालत होते. "राख झाडून देते," ती म्हणाली. मी म्हटलं, "अण्णांना कळलं तर तुझीच राख करतील." एवढंच बोलणं झालं. तिनं ते गहू शाळेच्या डब्यात टाकले नाहीत. शाळा सुटल्यावर त्या पोरीच्या ओच्यात दिले.

रविवारी दुपारी आमच्या अंगणात एक कोंबडी गोल गोल फिरायला लागली. मान एका बाजूला टाकून ती स्वतःभोवती फिरत राहिली आणि मग कलंडली. पाय झाडत पडून राहिली. तिची पिल्लं तिच्याभोवती टिपतच होती. थोड्या वेळानं त्यांतलं एक बसलं ते उठलंच नाही. आई कपाळाला हात लावून म्हणाली, "मानमोडी आली गं बाई, आता सगळा खुराडा जाणार." अण्णा ओट्यावर तंबाखू मळत होते. ते उठले, कोंबडी उचलून तिची चोच उघडून बघितली, आणि मग ओट्याखालच्या मातीतून काहीतरी वेचून तळहातावर घेतलं. गव्हाचे दाणे होते.

ते तडक अंधाऱ्या खोलीत गेले. बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा मी ओळखलाच नाही. अण्णा रागावले की घर हलायचं. त्या दिवशी त्यांचा आवाजच निघेना.

"पोत्याला कुणी हात लावला?" त्यांनी हळू विचारलं.

धाकटीनं लगेच सांगितलं. तिला वाटलं, मार बसेल आणि संपेल. "पाचवीला दिलं," ती म्हणाली. "एक पसाच न्हाई, जास्त दिलं. चांगलं व्हतं म्हणून."

"आगं, त्याला औषध लावलंय!"

आमच्याकडे विषाला औषधच म्हणतात. पिकावर मारायचं ते औषध, उंदराला घालायचं ते औषध. तो शब्द अगदी रोजचा होता. आईनं पदराचा बोळा तोंडात धरला तेव्हा कुठे मला त्याचा अर्थ समजला.

अण्णांनी सायकल काढली. कोप्या बऱ्याच होत्या आणि ती पोरगी कुठली हे धाकटीलाच ठाऊक, म्हणून तिला पुढे दांडीवर घेतलं. ती माझा हात सोडेना, म्हणून मी मागे कॅरिअरवर. नदीकडच्या वावरात पोचलो तर कोप्या नव्हत्या. आमचा ऊस शनिवारीच तुटून संपला होता. जमिनीवर काळी पडलेली चुलींची तोंडं होती, बैलांचं शेण होतं, वाळत घातलेलं एक फडकं कुंपणावर विसरलं होतं. अण्णा सायकल हातात धरून त्या रिकाम्या वावराकडे बघत राहिले. वाढ्याचे, म्हणजे उसाच्या शेंड्यांचे, भारे बांधायला आलेला शेजारचा एक म्हातारा म्हणाला, "टोळी पल्याड गेली की राव सकाळीच. बंधाऱ्याच्या पलीकडं." आणि आमच्याकडे बघून म्हणाला, "पोरी घेऊन अशा येळंला कुठं निघाला? काल वासरू नेलंय तिकडं वाघानं."

बंधाऱ्यावरून सायकल हातात धरून न्यावी लागली. पलीकडे गाडीवाट, दोन्ही बाजूंना उभा ऊस. ऊन उतरलं होतं. उसाची पानं एकमेकांवर घासून सळसळत होती आणि प्रत्येक वेळी मला वाटायचं, आता काहीतरी बाहेर येणार. अण्णा धापा टाकत पायडल मारत होते. मधेच धाकटीनं विचारलं, "अण्णा, सटवाई लिहून गेली असंल का?" अण्णांनी पायडलवर आणखी जोर दिला. मला इतका राग आला की मागून हात घालून तिला चिमटा काढावासा वाटला. ती रडत नव्हती याचाच राग येत होता.

कोप्या दिसल्या तेव्हा सूर्य टेकला होता. दुरूनच गुळाचा गोड वास आला. धाकटी दांडीवरून उतरली आणि पळतच एका कोपीकडे गेली. तिच्या मागोमाग अण्णा, चप्पल न काढता, वाकून आत.

आत अंधुक होतं. एका कोपऱ्यात पाटा-वरवंटा मांडून त्यावर हळद-कुंकू वाहिलेलं. बाळाच्या उशाशी कोयता ठेवलेला. त्या पोरीची आजी चुलीपाशी बसली होती, आणि बाळंतीण भिंतीला म्हणजे पाचटाला टेकून ताटली घेऊन बसली होती. पोरगी आपल्या वाट्याची वाट बघत हात धुऊन उभी होती. अण्णांनी बाळंतिणीच्या हातातली ताटली हिसकली आणि चुलीवरचं पातेलं लाथेनं उडवलं. लापशी राखेत पसरली.

म्हातारी किंचाळली. बाळंतिणीच्या पुढ्यातलं अन्न, सटवाईचा नैवेद्य, आणि मालक पायातल्या चपलेनं उडवतो! कोप्याकोप्यांतून माणसं धावत आली. कुणी अण्णांच्या बखोटीला धरलं. अण्णा ओरडत होते, "इख हाय त्यात! माझ्याच घरचं इख हाय!" पण ते कुणाला पटेल? त्या गर्दीत धाकटी मधे शिरून म्हणत होती, "मी दिलं. मी चांगलं म्हणून दिलं व्हतं." तिच्याकडे कुणी बघतही नव्हतं.

मग ती बाळंतीण म्हणाली, "आत्याबाई, माझं हात." तिचे हात मांडीवर थडथडत होते. ती स्वतःच्या हातांकडे नवल वाटल्यासारखी बघत होती. मग तिचे डोळे वर गेले.

पुढचं मला तुकड्यातुकड्यानं आठवतं. उसाचा ट्रॅक्टर थांबवला, त्याच्या ट्रॉलीत तिला घातलं, अण्णा तिचे पाय धरून बसले. मंचरच्या दवाखान्यात नेलं. म्हातारी बाळाला घेऊन कोपीतच राहिली, आणि आम्हा दोघींना कुणीतरी बैलगाडीतून घरी आणून सोडलं. आईनं धाकटीचे हात घेतले आणि कोपरापर्यंत धुतले, मग पुन्हा धुतले.

ती बाई वाचली. म्हातारीनं गहू दोनदा धुऊन घेतले होते, आणि बाईनं थोडंच खाल्लं होतं, म्हणून वाचली, असं डॉक्टरांनी अण्णांना सांगितलं. पण तिचं दूध इतक्यात बाळाला पाजायचं नाही, असंही सांगितलं. टोळीत दुसरी कुणी अंगावर पाजणारी नव्हती.

शाळेतला पसा बंद झाला. गुरुजी सोमवारी वर्गात आले, दोन्ही डबे उचलून कपाटावर ठेवले आणि बेरजेची गणितं घातली. गावात बोलणं सुरू झालं, की पोरांना दानधर्म शिकवायला गेले आणि जिवावर बेतलं. मला गुरुजींची कीव आली आणि गावाची चीड आली. ज्यांनी डब्यात किडके दाणे टाकले होते त्यांना आता आपण फार शहाणे होतो असं वाटत होतं.

आमची गाय तेव्हा दुभती होती. अण्णा दवाखान्यातून आले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं दूध तापवून, पाणी घालून, एका गडूत भरलं आणि अण्णांच्या हाती दिलं. अण्णा तसेच परत आले. म्हातारीनं घेतलं नव्हतं. "भीक नको पण कुत्रं आवर, असं म्हणली मला," अण्णांनी सांगितलं, आणि भरला गडू कट्ट्यावर ठेवला. "साखरपाणी पाजतीय. पोर किती दिस निभंल, देव जाणे."

त्यानंतरच्या सकाळी धाकटी गडू घेऊन निघाली. आई नको म्हणत होती. अण्णांनी अडवलं नाही. मी तिच्या मागे गेले, कारण त्या उसातून ती एकटी जाणार ही कल्पनाच मला सहन होईना. बंधाऱ्यापलीकडच्या वाटेवर मातीत पंजे उमटलेले होते, ताजे. ती त्यांच्याकडे न बघता, दूध हिंदकळू नये म्हणून गडूकडे बघत चालत होती.

म्हातारी कोपीच्या दाराशी बाळाला घेऊन बसली होती. बाळ रडत नव्हतं, नुसतं तोंड उघडत मिटत होतं. धाकटीनं गडू तिच्यापुढे ठेवला. म्हातारीनं तो तिच्याकडेच परत सरकवला.

"आधी तू पी," ती म्हणाली.

धाकटीनं गडू तोंडाला लावला.

"अजून पी. हां. आता तिथं बस."

समोर पाचटाचा ढीग होता. धाकटी त्यावर बसली. म्हातारी तिच्याकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांकडे, हातांकडे. मला सुरुवातीला काय चाललंय तेच कळलं नाही, मग कळलं. माझी सात वर्षांची बहीण मरते की काय हे ती बाई बघत होती. धाकटीलाही ते कळलं होतं. ती हात मांडीवर उताणे ठेवून बसली होती, नीट दिसावेत म्हणून. ऊन तिच्या पायांवरून गुडघ्यांवर आलं, तेव्हा म्हातारीनं वाटीत दूध ओतलं आणि कापसाची वात बुडवून बाळाच्या ओठांना लावली.

मी घरी येऊन आदळआपट केली. "तिला समोर बसवून बघत असते ती म्हातारी! गुरासारखं!" आईच्या डोळ्यांना पाणी आलं. अण्णा म्हणाले, "बघू दे. तिचा हक्क हाय." मला अण्णांचा तेव्हा इतका तिरस्कार वाटला की मी त्यांच्याशी बोलणंच सोडलं. आज मला ते समजतं, पण पटत अजूनही नाही.

असं रोज चाललं. दवाखान्यातून बाई कोपीत परत आली, आणि अशक्त हातांनी बाळाला जवळ घेऊ लागली. तिची पोरगी धाकटीजवळ येऊन बसायला लागली, आधी लांब, मग शेजारी. दोघी पाचटाच्या ढिगावर बसायच्या, आणि ती पोरगीही सुरुवातीला धाकटीच्या हातांकडेच बघत असायची. पुढे पुढे त्या काड्यांनी जमिनीवर काहीबाही काढू लागल्या. बाळाच्या गालांवर मांस आलं. शाळेतल्या काही पोरांनाही सुगावा लागला होता. एके दिवशी वाटेत कुणीतरी धाकटीच्या हातात गुळाचा खडा ठेवला, दुसऱ्या दिवशी कुणी शेंगा. "कोपीवर दे," म्हणायची पोरं आणि पळून जायची. घरात कळू नये म्हणून पळायची. धाकटी ते सगळं कोपीवर न्यायची, आणि द्यायच्या आधी प्रत्येकातलं थोडं थोडं खायची. म्हातारी बघायची.

मग एका सकाळी आम्ही गेलो तर म्हातारी हसली. तिचे पुढचे दात नव्हते हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. "आली का गं माझी गवळण," ती म्हणाली. तिनं धाकटीच्या हातातून गडू घेतला, सरळ वाटीत दूध ओतलं, आणि बाळाचं डोकं कोपराच्या खळग्यात घेऊन वाटी त्याच्या ओठांकडे नेली.

"थांबा!"

धाकटी अशी ओरडली की बैलांनी माना वर केल्या. ती पुढे झाली आणि तिनं दोन्ही हातांनी म्हातारीचं मनगट धरलं.

"मी प्यायले न्हाई आजून."

"आसूं दे गं," म्हातारी म्हणाली. "आता न्हाई लागत. माहितेय मला."

"तुमाला माहीत न्हाई. मलाबी माहीत नव्हतं."

तिनं वाटी काढून घेतली, दोन घोट प्यायली आणि परत दिली. मग आपल्या जागेवर जाऊन बसली, पाठ ताठ, हात मांडीवर उताणे. "बघा आता," ती म्हणाली.

म्हातारीचं तोंड वाकडं झालं. तिनं माझ्याकडे बघितलं, जणू मी काही करू शकेन. मी काहीच करू शकले नाही. बाळ भुकेनं रडायला लागलं होतं. म्हातारी हातात वाटी धरून माझ्या बहिणीकडे बघत बसली, आणि तिला ना वाटी खाली ठेवायचा धीर होत होता, ना पाजायचा.